चाकावरचा डावा हात

११ जानेवारी

नव्या प्रमुखबाईंनी आज बैठकीत विचारलं, मॅन्युअलमधलं सातवं प्रकरण शेवटचं कुणी वापरलं होतं? कुणी हात वर करेना. मी केला. सगळे हसले, बाईही हसल्या. बारा वर्षांपूर्वी मीच त्यांना सिम्युलेटरच्या परीक्षेत नापास केलं होतं. तीन महिन्यांनी पुन्हा आल्या आणि असं विमान उतरवलं की पोटातलं पाणी हललं नाही. आता त्या आमच्या प्रशिक्षण विभागाच्या प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालचा प्रशिक्षक. चालायचंच.

सातवं प्रकरण म्हणजे कंट्रोल व्हील स्टीअरिंग. आमच्या तोंडी नुसतं 'व्हील'. ऑटोपायलटची दोन मोठी बटणं असतात, त्यांच्याखाली ही दोन छोटी. मोठं दाबलं की विमान आपल्या अकलेनं जातं. काहीच दाबलं नाही तर सगळा भार आपल्या हातावर. छोटं दाबलं तर मधला मामला: चाक वळवलं की विमान वळतं आणि हात सैल केला की जिथं ठेवलं तिथंच स्थिर राहतं. आजकालच्या मुलांचा या बटणाशी संबंध येतो तो चुकून बोट लागलं तरच.

बाईंचं म्हणणं, प्रकरण काढून टाकू. मी म्हटलं, नको. त्या म्हणाल्या, मग का ठेवायचं ते तुम्हीच लिहा सर, मार्चअखेर द्या. म्हणून ही वही काढली. लेकीनं दोन वर्षांपूर्वी दिली होती, 'बाबा, आठवणी लिहा' म्हणून. आठवणी नाही, पण कच्ची टिपणं तरी होतील.

१४ जानेवारी

टिपणं काढायला बसलो आणि मास्तरच आठवत राहिले.

त्यांना सगळी कंपनी मास्तर म्हणायची. मी एकोणतीस वर्षांचा को-पायलट, ते त्रेपन्नचे कॅप्टन. शर्टाला स्वतः इस्त्री करायचे, हॉटेलात इस्त्री नसेल तर गरम किटलीचं बूड फिरवून. शीळ वाजवायचे, एक सूर धड नाही. मी डावखुरा, म्हणून मला 'डावऱ्या' म्हणायचे. "कॅप्टन डाव्या सीटवर बसतो, डाव्या हातानं चाक धरतो. देवानं तुला कॅप्टन करूनच पाठवलंय, डावऱ्या, कंपनीला फक्त उशिरा कळेल." हे ऐकून मी आठ दिवस जमिनीपासून वीतभर वर चालत होतो.

संध्याकाळच्या फेरीत, खाली ढगांचा कापूस पसरलेला असला की ते छोटं बटण दाबायचे आणि दोन बोटांनी विमान वळवायचे. "मोठं बटण म्हणजे कडेवर बसणं," म्हणायचे. "हातानं उडवणं म्हणजे आपल्या पायांवर चालणं. आणि हे म्हणजे बोट धरून चालणं." मावळतीचा उजेड पॅनेलवर यायचा, काचेवर त्यांची बोटं दिसायची आणि विमान इतकं अलगद कलायचं की मागे कुणाच्या कपातली कॉफीसुद्धा डचमळत नसेल.

एकदा मी विचारलं होतं, मास्तर, हल्ली तुम्ही कायम हेच का वापरता? ते शीळ थांबवून म्हणाले, "तुला शिकवायला. नाहीतर तुला कोण शिकवणार?"

या एका वाक्यासाठी मी प्रशिक्षक झालो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हिलासुद्धा.

१९ जानेवारी

आज सिम्युलेटरवर, म्हणजे आमच्या जमिनीवरच्या नकली विमानात, दोन सत्रं. या यंत्राची काळजी घेणाऱ्या टेक्निशियनला सगळे वैद्यबुवा म्हणतात, कारण तो यंत्राच्या सहा पायांना कान लावून कुठला दुखतोय ते सांगतो. तो सत्र संपल्यावर आलेख घेऊन आला. डाव्या सीटच्या चाकावर बारीक थरथर नोंदली जातेय, सेकंदाला चार-पाच वेळा. तरंगांची नक्षीच. मी म्हटलं, सेन्सर गेला असणार. तो आलेखाकडे बघत राहिला आणि म्हणाला, बदलून बघतो सर.

वीस वर्षांचं यंत्र. कुरकुर करणारच.

कँटीनच्या कॉफीला हल्ली वास म्हणून नाही. काटकसर कुठून सुरू करावी याला काही मर्यादा?

२ फेब्रुवारी

हिनं नवं खूळ काढलंय. माझ्या युनिफॉर्मच्या शर्टांची काजं शिवून टाकली, वरून बटणं तशीच दिसतात आणि आत टिचबटणं. म्हणे काजं सैल झाली होती. चार शर्टांची एकाच वेळी कशी सैल होतील? पण सोय आहे हे कबूल करतो, सकाळची सात-आठ मिनिटं वाचतात.

लेकीचा फोन. तिनं तीनदा "बाबा, मोठ्यानं बोला" म्हटलं. परवा को-पायलटही म्हणाला, सर, काय म्हणालात? सगळ्या पिढीचे कान हेडफोननं गेले आहेत.

कालच्या दोन्ही फेऱ्यांत लँडिंग को-पायलटला दिलं. त्यांना सराव मिळायला हवा. पूर्वी मी याबाबतीत जरा चिकट होतो, हे मान्य आहे.

या वहीची पानं सरता सरत नाहीत. पूर्वी ज्या मजकुराला अख्खं पान लागायचं, तो आता अर्ध्या पानात मावतो. अक्षर बारीक आणि नीटस येतंय. उतारवयात अक्षर सुधारलं म्हणायचं.

११ फेब्रुवारी

आज दोन नव्या को-पायलटांना सातवं प्रकरण करून दाखवलं. यंत्रात खराब हवा लावली, विमान सुपातल्या दाण्यांसारखं उडायला लागलं. मोठं बटण काढलं, छोटं दाबलं, हात चाकावर ठेवला. काय सांगू, लोण्यासारखं स्थिर झालं. गेल्या वर्षभरात इतकं सुरेख उडवल्याचं आठवत नाही. ठरावीक जोराच्या खाली हात हलला तर हे यंत्र त्याची दखलच घेत नाही, यातच त्याची खुबी आहे. प्रकरणात हा मुद्दा ठळक लिहायचा: वैमानिकाच्या हातातली बारीकसारीक अस्थिरता विमानापर्यंत पोहोचत नाही.

प्रमुखबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. नंतर म्हणाल्या, सर, या मोडवर तुमचा एवढा जीव का? मी म्हटलं, शिकवायला. मी नाही शिकवलं तर कोण शिकवणार? बोललो आणि अंगावर रोमांच आले. अठ्ठावीस वर्षांनी तेच वाक्य माझ्या तोंडी.

वैद्यबुवा पुन्हा आलेख घेऊन आला. नवा सेन्सर लावूनही तीच नक्षी. विचारलं, बाकीच्यांच्या सत्रात येते का? म्हणाला, "बघायला पाहिजे." ज्याला यंत्राचा प्रत्येक खिळा ठाऊक, त्याला बघायला पाहिजे!

२० फेब्रुवारी

मास्तरांचं शेवटचं उड्डाण लिहून ठेवतो, मनात फार वर्षं कुजत पडलंय.

एक साधा मंगळवार. आम्ही उतरायला लागलो, धावपट्टी समोर दिसायला लागली आणि मास्तर म्हणाले, "तू उतरव." मी उतरवलं. उत्तम नाही, बरं. त्यांनी पाठीवर थाप दिली, टोपी घेतली, जिना उतरले. दुसऱ्या दिवशी कळलं, राजीनामा दिला. मला एका शब्दानं सांगितलं नाही. महिन्याभरात घर बंद करून मुलाकडे दुसऱ्या गावी गेले.

कंपनीशी भांडण झालं असं सगळे म्हणायचे, मीही तेच धरून चाललो. दरवर्षी माझ्या वाढदिवसाला पत्र यायचं, पण त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या अक्षरात. मला वाटायचं, दोन ओळी लिहायचाही कंटाळा? मग मीही उत्तरं द्यायचं सोडलं. त्यानंतर अकरा वर्षांनी ते गेले तेव्हा मी ड्युटीवर होतो. हवं असतं तर सुट्टी मिळाली असती. घेतली नाही.

काकू आता परत जुन्या घरी राहतात. सतरा वर्षांत मी दोनदा फोन केला. मास्तरांची एक वही होती, तपकिरी कव्हरची, त्यात या मोडवरच्या नोंदी होत्या. प्रकरणासाठी ती हवी. जायला हवं. जायला तोंड नाही, ही गोष्ट वेगळी.

२७ फेब्रुवारी

संध्याकाळी फिरायला गेलो. ही अचानक म्हणाली, "तुमचा डावा हात हलत नाही चालताना. पिशवी धरल्यासारखा राहतो." मी म्हटलं, तीस वर्षं त्या हातात फ्लाइटची बॅग होती, सवय लागली असेल. ती माझ्या डाव्या बाजूला येऊन चालायला लागली. आमची लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आठवली. तेव्हा ती अशीच डावीकडून चालायची, कारण माझ्या उजव्या हातात सिगारेट असायची.

खांदा आखडलाय, एवढंच. हिनं टेबलावर एका डॉक्टरचं कार्ड ठेवलंय. मी त्यावर पेपर ठेवला.

४ मार्च

आज माझी सहामाही परीक्षा. परीक्षक खुद्द प्रमुखबाई.

इंजिन बंद पडणं, आग, सगळं व्यवस्थित पार पडलं. शेवटी हातानं लँडिंग, वारा आडवा. त्या म्हणाल्या, "सर, व्हील नको. पूर्ण हातानं." मी उतरवलं. जरा आपटलं. त्या म्हणाल्या, परत एकदा. दुसऱ्यांदा मधल्या रेषेच्या डावीकडे गेलो. मग त्यांनी यंत्र थांबवलं. 

"सर, हात बरा आहे ना?"

म्हटलं, खांदा आखडलाय.

त्यांनी फॉर्मवर सही केली नाही. म्हणाल्या, आज अर्ध्यावर थांबवू, उरलेलं पुढच्या आठवड्यात करू. आधीच्या परीक्षेची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, तोवर मी उडवू शकतो. बारा तारखेला चार फेऱ्या आहेत. वैद्यकीय तपासणीही सोळाला. आमचा तपासणारा डॉक्टर डोळे, कान, हृदय बघतो आणि दहा मिनिटांत शिक्का मारतो.

बारा वर्षांपूर्वीची परतफेड. दुसरं काय?

५ मार्च

रागात आहे. लिहीत नाही.

८ मार्च

काकूंकडे जाऊन आलो. नीट लिहायला हवं, जसं घडलं तसं.

तिसरा मजला, तेच दार. काकू अठ्ठ्याहत्तरच्या, बारीक झाल्यात, पण डोळे तसेच मिस्कील. म्हणाल्या, "ये डावऱ्या. सतरा वर्षांत जिना चढायला दम लागला का?" मी मान खाली घालून आत गेलो. खुंटीवर मास्तरांची टोपी होती, तिच्यात किल्ल्या टाकलेल्या. चहा झाला, लेकीची चौकशी झाली, त्यांच्या नातवांची झाली. मग वही मागितली.

त्यांनी कपाटातून काढून दिली. पहिली पानं मला तोंडपाठ असल्यासारखी वाटली, मास्तरांचं ते ऐटबाज मोठं अक्षर. मी पुढे उलटत गेलो. शेवटच्या वीसेक पानांत अक्षर लहान होत गेलं होतं, ओळीच्या टोकाला तर मुंग्यांसारखं. मला वाचता येईना. कुठला शब्द आहे हे ताडायला मी माझी वही पिशवीतून काढली, टिपणं त्यात होती. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या.

काकूंनी दोन्हींतलं ते बारीक अक्षर पाहिलं. मग त्यांनी टेबलावर पडलेल्या माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. मीही बघितलं. अंगठा आणि पहिलं बोट, वाती वळताना हलतात तशी आपली आपण हलत होती. मी त्यांना हलवत नव्हतो.

"यांचा आधी उजवा गेला," काकू म्हणाल्या. "अक्षर गेलं. चाकावर डावा होता म्हणून दोन वर्षं निभावलं. मग डावाही थरथरायला लागला तेव्हा ते बटण दाबायला लागले."

मी म्हटलं, काकू, ते मला शिकवायला दाबायचे. मला स्वतः म्हणाले होते.

"माहीत आहे. त्याच दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, पोरानं सरळ विचारलं आणि मी खोटं बोललो. ज्याला शिकवतो त्याच्याशी खोटं बोललो. त्यानंतर आठवड्यात राजीनामा दिला. तुला कळलंय अशी त्यांची खात्री होती. तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटायची, म्हणून गाव सोडलं. पत्रं मला सांगून लिहून घ्यायचे, तुझा वाढदिवस पंधरा दिवस आधीपासून लक्षात ठेवून."

मला काहीच कळलं नव्हतं. मी फक्त भक्त होतो.

अठ्ठावीस वर्षं जे वाक्य उराशी धरून जगलो, ते खोटं होतं. आणि गेल्याच महिन्यात तेच मी दुसऱ्या कुणाला ऐकवलं. मी रडलो. काकूंनी रडू दिलं. निघताना जिन्याच्या तोंडाशी म्हणाल्या, "खोटं बोलले, पण शिकवलंच ना तुला? मग अर्धं तरी खरं झालं."

९ मार्च

हिला सांगायला गेलो. सुरुवात कशी करावी कळेना म्हणून काकूंच्या जिन्यापासून सुरू केलं. तिनं सगळं ऐकलं आणि उठून पेपरांच्या गठ्ठ्याखालून ते कार्ड काढलं. मागे पेन्सिलनं वेळ लिहिली होती: तेरा मार्च, साडेदहा. तिनं ती फेब्रुवारीतच घेतली होती, तारीख दोनदा पुढे ढकलली होती.

विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही खांदा दाखवायला गेला असता."

१० मार्च

प्रमुखबाईंच्या खोलीत गेलो. बसा म्हणाल्या, बसलो नाही, नाहीतर धीर गेला असता. म्हटलं, बाराच्या फेऱ्यांवरून माझं नाव काढा. डावा हात थरथरतो. किती दिवसांपासून ते मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही, कारण मी बघितलंच नाही. आणि चार तारखेला तुमच्याबद्दल मनात वाईट आणलं, त्याची माफी मागतो.

त्यांनी रोस्टर उघडलं, माझं नाव खोडलं. मग म्हणाल्या, "तुम्ही मला नापास केलंत त्या दिवशी मी गाडीत बसून मनातल्या मनात तुम्हाला शिव्या दिल्या होत्या. पण त्या दिवशी मला घरी सोडायला कोण आलं होतं, आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. मीच गेलो होतो म्हणे.

आज आल्या मला सोडायला.  धावपट्टीच्या कुंपणाशेजारून रस्ता जातो, तिथं एक विमान डोक्यावरून उतरलं आणि दोघांनीही एकाच वेळी मान वर करून बघितलं.

१३ मार्च

कंपवात. डॉक्टर तरुण, समजूतदार. चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, एक गोल काढायला लावला. म्हणाले, लवकर आलात. ही माझ्याकडे बघून हसली. लवकर!

औषधं आहेत, बरीच वर्षं बरी जातील. उडवणं मात्र संपलं. मी शेवटचं लँडिंग कधी केलं ते आठवायचा प्रयत्न केला. धड आठवेना. जानेवारीतली एक दुपार असावी. असं संपायला नको होतं, पण संपताना ते मला कुठं माहीत होतं?

२२ मार्च

वैद्यबुवाला सांगायला यंत्राच्या हॉलमध्ये गेलो. पांढरा डबा आपल्या सहा पायांवर बसलेला, आत जायचा पूल वर उचललेला. म्हटलं, सेन्सर काढू नकोस, दोष यंत्रात नाही. तो पाना पुसत होता. म्हणाला, "पहिल्याच दिवशी कळलं होतं सर. दुसऱ्या कुणाच्या सत्रात ती थरथर येत नव्हती. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही म्हणून दोनदा चांगला सेन्सर बदलला. दर वेळी आलेख मात्र तुमच्या हातात दिला."

खरंच, दिला होता. मीच यंत्राचा म्हणून परत केला.

त्यानं पूल खाली घेऊन आत नेलं. विचारलं, एकदा? मी डाव्या सीटवर बसलो. त्यानं संध्याकाळ लावली, खाली ढग लावले, त्याला काही सांगावं लागलं नाही. छोटं बटण दाबलं. विमान डावीकडे झुकलं, उजवीकडे झुकलं, कुठे धक्का नाही. हात थरथरत होता आणि विमानाला त्याचा पत्ता नव्हता. अर्धा तास उडवलं. मास्तरांचे ते शेवटचे दिवस पहिल्यांदाच मला आतून दिसले. त्यांना किती भीती वाटत असेल, आणि तरी शीळ वाजवायचे.

मग बटण काढलं, खुर्ची मागे घेतली आणि उतरलो.

३१ मार्च

प्रकरण दिलं. मीच कापून एका पानाचं केलं. खराब हवेत उपयोग, मोठा ऑटोपायलट अर्धवट निकामी झाला तर उपयोग, एवढंच. हाताची अस्थिरता झाकणारं ते वाक्य खोडलं. शेवटी नवी ओळ घातली: हा मोड वापरण्यापूर्वी तो का वापरत आहोत, ते वैमानिकानं शेजारच्याला मोठ्यानं सांगावं.

बाईंनी वाचलं. म्हणाल्या, ही ओळ सगळ्याच प्रकरणांना लागू होईल. सही केली.

६ मे

सिम्युलेटरमध्ये मागच्या खुर्चीवर बसून शिकवायला उडवायचं चालू लायसन्स लागत नाही. बाईंनी ते काम दिलं. उजव्या हातानं पडद्यावरची बटणं दाबता येतात, औषधानं आवाजही जरा सुटलाय.

आज नवी तुकडी, दोन मुलं आणि एक मुलगी. सुरुवातीलाच सांगून टाकलं की मला कंपवात आहे, डावा हात थरथरताना दिसेल, त्याकडे बघायचं असेल तर आत्ताच बघून घ्या, नंतर समोर बघा. मी हात पुढे केला. तिघांनी बघितलं. मुलगी धीट आहे, तिनं विचारलं, "सर, तुम्हाला कधी कळलं?"

"सगळ्यांना कळल्यानंतर," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. मग मी त्यांना आपापल्या जागी बसवलं, पट्टे तपासले, मागे जाऊन माझा लावला आणि उड्डाणाची परवानगी दिली.